ओझे कोणाच्या पाठीवर?

माणसाचे तत्त्वज्ञान त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्याच्या प्रवासाच्या पिशवीत पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. तोंडाने माणूस जे बोलतो त्यात ऐकीव भाग पुष्कळ असतो. पिशवीत तो जे भरतो ते मात्र सगळे त्याचे स्वतःचे असते. तिच्यात त्याची भीती असते, त्याचा विश्वास असतो, आणि जगाकडून आपल्याला काय मिळणार आहे याविषयीचा त्याचा अंदाजही असतो. पिशवी डोंगर चढणाऱ्याची असेल तर ती अधिकच खरे बोलते. कारण तेथे प्रत्येक जिनसेची किंमत घामाने मोजावी लागते.

पेण आणि रोहे या दोन तालुक्यांत वावरणाऱ्या माणसाला अशा पिशव्या पाहण्याची संधी भरपूर मिळते. एका अंगाला खाडी आणि खारेपाट, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची भिंत, आणि मध्ये तिच्यापासून सुटून आलेल्या डोंगरांच्या सोंडा, असा हा आमचा मुलूख. पेणच्या बाजूला सांकशी, रोह्याच्या बाजूला अवचितगड, सुरगड, घोसाळगड. यांतला एकही गड उंचीने दांडगा नाही. अवचितगड तर समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आसपासच भरेल. परंतु उंची कमी म्हणून डोंगर सोपा, हा हिशेब आमच्याकडे चालत नाही. श्रावणात सकाळी गुडघाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी परत येताना छातीला लागतो. धुके उतरले की दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. आणि चैत्र-वैशाखात त्याच वाटेवर दगड असे तापतात, की सकाळी पुरेसे वाटलेले पाणी अर्ध्या चढावरच संपते. अवचितगडाभोवतीच्या दाट रानात तर गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा एकमेकींत अशा मिसळल्या आहेत, की नवखा माणूस तासभर चालून पुन्हा त्याच झाडाशी यावा.

या गडांवर मुंबई-पुण्याकडची तरुण मंडळी येतात, आणि त्यांच्याबरोबर गेली कैक वर्षे मीही जात आलो आहे. त्यांच्यात मला दोन पंथ आढळतात. एका पंथाला मी हलकेपंथी म्हणतो, दुसऱ्याला तरतूदपंथी. हलकेपंथी माणूस टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापून आणील. तरतूदपंथी माणूस अर्ध्या दिवसाच्या फेरीला निघताना दोन दिवसांचे अन्न, दोर, औषधांचा डबा, प्लॅस्टिकचे कापड, दोन टॉर्च आणि शिट्टी घेऊन निघेल. या दोघांचा वाद मी रोह्याच्या स्टेशनाबाहेर चहा पिताना ऐकला आहे, आणि गडाच्या दरवाजात धापा टाकतानाही ऐकला आहे. वाद जुनाच असतो, पण तो करणारी माणसे दरवेळी नवी असल्यामुळे त्याला धार असते.

हलकेपंथीयांचे म्हणणे वरवर दिसते तितके उथळ नाही. ते म्हणतात, ओझे हेच पहिले संकट आहे. जड पिशवीचा माणूस लवकर थकतो, आणि थकलेला पाय घसरतो. त्याला चढायला वेळ लागतो, म्हणून त्याला उतरताना अंधार गाठतो. मग तो अंधारासाठी आणलेला टॉर्च काढतो आणि आपण किती दूरदर्शी आहोत याचे स्वतःलाच कौतुक सांगतो. टॉर्चचे, दोराचे आणि दोन दिवसांच्या अन्नाचे ओझे नसते तर तो उजेडातच घरी पोचला नसता काय? या म्हणण्याला मोठी माणसे साक्षीला आहेत. एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोन इंग्रज १९३४ साली तीन शेर्पांना बरोबर घेऊन ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या पायथ्याच्या त्या कडेकोट खोऱ्यात शिरले. तोवर त्या खोऱ्यात पोचण्याचे कित्येकांचे प्रयत्न फसले होते. त्या काळी हिमालयातील मोहिमा म्हणजे शेकडो हमालांच्या पलटणी असत. या पाच जणांना वाट मिळाली, आणि त्याचे बरेचसे श्रेय त्यांच्या थोड्या सामानाला होते. अमेरिकेतील एमा गेटवूड यांचे उदाहरण तर त्याहून नवलाचे. अकरा मुलांची ही आई १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अ‍ॅपलाचियन डोंगररांगांतील दोन हजारांहून अधिक मैलांची पायवाट एकटी चालून गेली. खांद्यावर घरी शिवलेली झोळी, पायांत साधे कापडी बूट, आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा, असा तिचा सरंजाम होता.

तरतूदपंथीयांचे उत्तरही तयार असते. ते म्हणतात, याच बाईंनी आदल्या वर्षी, १९५४ साली, हीच वाट धरली होती. तेव्हा त्या रानात चुकल्या, त्यांचा चष्मा फुटला, आणि वनरक्षकांनी त्यांना शोधून घरी पाठवले. यशाची गोष्ट सांगताना आदल्या वर्षाची गोष्ट लपवू नये. अमेरिकेतल्याच सिअ‍ॅटल शहरातील ‘माउंटेनिअर्स’ या जुन्या संस्थेने १९३० च्या दशकात डोंगरात जाणाऱ्यासाठी दहा आवश्यक वस्तूंची यादी केली. नकाशा, होकायंत्र, टॉर्च, जादा अन्न, जादा कपडे, काड्यापेटी, औषधे, चाकू अशा त्या वस्तू. नव्वद वर्षे झाली तरी यादी थोड्याफार फरकाने टिकून आहे, याचा अर्थ डोंगर बदललेला नाही. संकट काही पत्र पाठवून येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपण मूर्ख म्हणतो, मग विहीर खणायची वेळ येणारच नाही असे गृहीत धरणाऱ्याला शहाणा कसे म्हणावे?

दोन्ही पक्ष खरे बोलतात, आणि म्हणूनच त्यांचा वाद मिटत नाही. हा प्रश्न केवळ वजनाचा असता तर एखाद्या तराजूवाल्यानेही तो सोडवला असता. अमुक इतके किलो घ्यावे, तमुक टाकून द्यावे, असे कोष्टक करता आले असते. तसे कोष्टक होत नाही, कारण वजनाच्या प्रश्नाआड एक दुसरा प्रश्न उभा आहे, आणि तो नीतीचा आहे. मी जे ओझे घेतले नाही ते गेले कोठे? ते नाहीसे झाले, की दुसऱ्या कोणाच्या पाठीवर जाऊन बसले?

आपल्या इतिहासात या प्रश्नाचे एक फार चांगले उत्तर आहे, आणि ते याच गडांवर दगडात खोदलेले आहे. मराठ्यांच्या घोडदळाची ख्याती त्याच्या हलकेपणासाठी होती. डेऱ्याराहुट्यांचा पसारा नाही, जनानखाना नाही, भारी तोफखाना नाही. घोडा, भाला आणि खोगिराला बांधलेली शिदोरी एवढ्यावर स्वार रातोरात मैलोगणती मजल मारी. पुढे हा हलकेपणा सुटला. यात्रेकरू, बाजारबुणगे आणि बायकामुले यांचा लोंढा बरोबर घेऊन सैन्य उत्तरेत गेले, आणि १७६१ साली पानिपतावर त्या ओझ्याची किंमत चुकवावी लागली. ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे आणि हलकेपंथी मंडळी ती आवडीने सांगतात.

पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग ते सांगत नाहीत. ज्या राज्याचा स्वार इतका हलका होता त्याच राज्याचे किल्ले कमालीचे जड होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांविषयीचे प्रकरण वाचावे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, एका झऱ्यावर विसंबून राहू नये, लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटू शकतात म्हणून जादा पाणी साठवून जपून ठेवावे, अशा अर्थाच्या सूचना तेथे आहेत. अवचितगडावर आजही खडकात खोदलेली टाकी आहेत आणि बारा कोनांचा बांधीव तलाव आहे. सांकशीच्या माथ्यावर टाक्यांची तर रांगच आहे. या टाक्यांच्या काठावर बसलो की मला वाटते, हे साठलेले पाणी म्हणजे त्या हलक्या स्वाराने पाठीवर न घेतलेले ओझे होय. ते नाहीसे झाले नव्हते. कोणीतरी छिन्नी-हातोड्याने, पिढ्यानुपिढ्या, ते आधीच दगडात उतरवून ठेवले होते. स्वार हलका होता, कारण राज्य तयारीत होते.

ओझे टाकता येत नाही, फक्त हलवता येते, असा धडा मी त्या टाक्यांपाशी घेतला. हलका माणूस म्हणजे बेफिकीर माणूस, हे समीकरण त्यामुळे चुकते. आणि हलका माणूस म्हणजे मुक्त माणूस, हेही चुकते. त्याने आपले ओझे कोठे ठेवले आहे, एवढेच पाहायचे असते.

ते ठेवण्याची एक जागा म्हणजे ज्ञान. मेढे गावाकडून अवचितगडाला जाताना एकदा आम्ही वाट दाखवायला गावातले एक वृद्ध गृहस्थ बरोबर घेतले होते. कमरेच्या आकडीत कोयता आणि खांद्यावर टॉवेल, याखेरीज त्यांच्याजवळ काही नव्हते. आमच्यातल्या एका मुलाने तीन लिटर पाणी पाठीवर वाहत विचारले, “मामा, तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाहीत?” मामा वळूनही न पाहता म्हणाले, “पानी वरती हाय. तुमाला ठाव नाय म्हणून तुमी वाहता.” मुलगा हिरमुसला, पण उत्तर खरे होते. पाण्याच्या एका लिटरला एक किलो वजन असते, त्यात कोणाला सवलत नाही. पाणी कोठे आहे या माहितीला मात्र वजन नसते. ती मिळवायला जन्म जातो, एवढेच. थोड्या वेळाने मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि मला ती पहिलीपेक्षा मोलाची वाटली. ते म्हणाले, “घरी सांगून आलोय. सांजच्या आत नाय परतलो तर पोरगा बघाया येल.” म्हणजे त्या हलक्या माणसाचीही तरतूद होती. त्याने आपल्या संकटाचा भार आधीच एका ठिकाणी सांगून, विचारून ठेवला होता. घरी सांगून निघण्याला एक ग्रॅमही वजन नाही, आणि तरी शहरातून येणाऱ्या कित्येकांच्या पिशवीत नेमकी तेवढीच वस्तू नसते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आमच्या डोंगरांतले कातकरी, ठाकर आणि कुणबी लोक थोड्या सामानानिशी रानात जातात, हे पाहून शहरी माणसाला काव्य सुचते. ते काव्य त्याने आवरावे. ज्या बाईच्या डोक्यावर लाकडांची मोळी आहे तिच्या पाठीवर पिशवी नाही, याला साधेपणा म्हणत नाहीत. मिळू शकणारी वस्तू विचारपूर्वक सोडणे वेगळे आणि ती कधी मिळालीच नाही म्हणून तिच्यावाचून राहणे वेगळे. दुसऱ्याच्या दारिद्र्याला अपरिग्रह म्हणण्याची चूक आपल्याकडे फार सहज होते.

अपरिग्रह हा शब्द आला की पेणच्या माणसाला विनोबांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. पुढे १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदानाची कल्पना जन्मली, आणि त्यानंतर सुमारे तेरा वर्षे हा माणूस भारतभर पायी हिंडला. घर नाही, पैसा नाही, साठवण नाही. हलकेपणाचा याहून मोठा आदर्श कोठे सापडेल? मग हलकेपंथी तरुणाने विनोबांचा दाखला दिला तर त्याला काय म्हणावे?

मी त्याला दोन गोष्टी सांगतो. पहिली ही की विनोबांचे ओझे गावांनी उचलले होते, आणि गावांनी ते आनंदाने, आमंत्रण देऊन उचलले होते. पंढरीच्या वारकऱ्याचेही तसेच आहे. तो पडशी घेऊन निघतो; पण दिंडीचे सामान मागून येत असते, आणि वाटेवरची गावे त्याची वाट पाहत असतात. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याला काठावरची गावे सदावर्त घालतात. या सगळ्या ठिकाणी देणारा राजी असतो, त्याला आधी माहीत असते, आणि घेणाराही आपण घेत आहोत हे जाणून नम्र असतो. घेतल्याची परतफेड तो सेवेने, नामाने, निदान कृतज्ञतेने करतो. हे सारे परंपरेने ठरलेले देणेघेणे आहे. डोंगराच्या कड्यावर असा कोणी यजमान आपली वाट पाहत बसलेला नसतो.

दुसरी गोष्ट अशी की आजचा हलकेपणा बाजारात विकत मिळतो. हलक्या पिशवीची, हलक्या तंबूची, हलक्या बुटांची किंमत जडपेक्षा दुप्पट-तिप्पट असते. जितके ग्रॅम कमी तितके रुपये जास्त. विनोबांनी वस्तू सोडून हलकेपणा मिळवला, आपण वस्तू घेऊन मिळवतो. यात पाप नाही. चांगली हलकी वस्तू वापरायला माझा विरोध नाही. पण पैसे मोजून आणलेल्या वस्तूला वैराग्याचे नाव देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता या वादाच्या सर्वांत अवघड जागी यायला हवे. टाकलेले ओझे दगडात ठेवता येते, ज्ञानात ठेवता येते, राजीखुशीने देणाऱ्याच्या हाती ठेवता येते. यांतले काहीच केले नाही तर ते कोठे जाते? ते अशा माणसाच्या पाठीवर जाते ज्याला कोणी विचारले नव्हते.

आमच्या जिल्ह्याला या माणसाची ओळख फार चांगली आहे. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरजवळच्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील मंडळींची बस दरीत कोसळली आणि तीस माणसे गेली. त्या खोल दरीत दोर सोडून उतरले ते महाबळेश्वर आणि आसपासच्या भागातले डोंगर चढणारे लोक. १९ जुलै २०२३ च्या रात्री पेणला लागून असलेल्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला रस्ता नव्हता, म्हणून यंत्रे वर जाऊ शकली नाहीत. भर पावसात, चिखलातून, माणसे पायी चढून गेली आणि हातांनी व फावड्यांनी माती उपसू लागली. त्यात सरकारी पथके होती, गावकरी होते, आणि एरवी सुटीच्या दिवशी गडांवर हिंडणारी गिर्यारोहण संस्थांतली मुलेही होती. मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका माणसाचा तो चढ चढतानाच हृदय बंद पडून अंत झाला. २०२४ च्या जुलैत माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ दरीत पडलेल्या एका व्यक्तीला वर काढायला बचाव पथकाला सुमारे सहा तास लागले, आणि इतके करूनही जीव वाचला नाही.

बसमधल्या किंवा वाडीतल्या माणसांचा येथे काडीचाही दोष नव्हता, आणि दरीत पडलेल्याच्या पिशवीत काय होते याची चौकशी करणे मला अशोभनीय वाटते. ही उदाहरणे मी वेगळ्या कारणासाठी दिली. संकट कोणाचेही असो, ज्याच्यामुळेही असो, बोलावणे आले की चढून जाणारी माणसे या मुलुखात आहेत. ती येतातच. आणि माझ्या हलक्या पिशवीचा विचार मला त्यांना वगळून करता येत नाही.

यावर हलकेपंथीयांचा एक आक्षेप असतो, आणि तो मानी मनुष्याचा आक्षेप आहे. तो म्हणतो, “मी माझ्या जबाबदारीवर आलो आहे. मला काही झाले तर मला तेथेच सोडा. मी कोणाला बोलावणार नाही, आणि कोणी येऊ नये.” वाक्य शूर आहे. माणसाला स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार आहे, हेही मी मानतो. तो अधिकार नसता तर गिर्यारोहणच उरले नसते. परंतु हे वाक्य जो ऐकणार आहे तो ते पाळू शकत नाही, याचे काय करायचे? दरीतून हाक ऐकू आली तर पायथ्याचा गावकरी म्हणणार नाही की याने मला मोकळे केले आहे, मी झोपतो. हाक आली नाही, तरी रात्री गडावरून कोणी उतरले नाही हे त्याला कळते आणि तो कंदील घेऊन निघतो. अगदी मेलेल्या माणसालाही खाली आणावे लागते, आणि तो तर काही बोलावत नाही. माणसाच्या स्वभावात जी दया आहे तिला माझी परवानगी लागत नाही. म्हणून ‘मला सोडून द्या’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्य मला असले, तरी ते अमलात आणणे माझ्या हाती नाही. जे दुसऱ्याच्या चांगुलपणामुळे अशक्य आहे त्यावर आपली योजना उभारणे हा शूरपणा नसून त्या चांगुलपणाकडे केलेली डोळेझाक आहे.

एवढे वाचून तरतूदपंथी मंडळी खूष झाली असतील, तर त्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. भरगच्च पिशवी म्हणजे तयारी नव्हे. पन्नास-साठ लिटरची सॅक पाठीवर असलेल्या एका गड्याच्या सामानात मी घडीची खुर्ची, गाणी वाजवणारा डबा आणि तीन प्रकारचे फरसाण पाहिले आहे. बोट कापले तेव्हा पट्टी मात्र दुसऱ्याकडून घ्यावी लागली. कित्येक तरतुदी संकटासाठी नसून भीतीसाठी असतात. संकटाला मर्यादा असते, भीतीला नसते, म्हणून अशी पिशवी कधी पुरी भरत नाही. आणि मग चढ उभा लागला की ही जड पिशवी वाट दाखवायला आलेल्या गावच्या पोराच्या खांद्यावर जाते. हलक्या माणसाने उद्याचे ओझे परक्यावर टाकले असेल. याने तर आजचेच टाकले. शिवाय तरतुदीतही एक स्वार्थ लपलेला असतो. ‘माझ्यापुरते पाणी माझ्याजवळ आहे’ असे समाधान ज्याला वाटते त्याच्या शेजारचा माणूस तहानलेला असेल, तर त्याची ती तयारी डोंगरात उघडलेल्या खासगी दुकानासारखी आहे.

मग पिशवी भरावी कशी? मला सुचलेली कसोटी साधी आहे. प्रत्येक वस्तू हाती घेऊन एकच प्रश्न विचारावा: ही माझ्याजवळ नसली तर त्रास कोणाला होईल? जिचा त्रास मला एकट्याला होईल ती खुशाल सोडावी. मऊ अंथरूण, दुसरा सदरा, गरम चहा, आवडीचा खाऊ हे सगळे या वर्गात येते. येथे जितके कठोर होता येईल तितके व्हावे, आणि त्या कठोरपणाचा आनंदही घ्यावा. हलकेपणाचे खरे सुख तेथेच आहे. जिच्या अभावाचा त्रास शेवटी दुसऱ्या कोणाला होईल ती घ्यावी, मग ती कितीही जड असो. पुरेसे पाणी, टॉर्च, पावसात अंग कोरडे ठेवील असे एखादे कापड, जखमेवर बांधायची पट्टी, आणि घरी वेळ सांगून निघणे. यांपैकी एखादी वस्तू नसल्यामुळे मी अडकलो, तर माझ्यासाठी दहा माणसे रात्र डोंगरात काढतील. आणि काही थोड्या वस्तू अशा असाव्यात ज्यांची मला स्वतःला बहुधा कधीच गरज पडणार नाही. आंबेनळीच्या दरीत जे दोर सुटले ते आणणाऱ्यांना स्वतःसाठी नको होते. जास्तीची पाण्याची बाटली असो, दोराचा तुकडा असो, आपल्या शक्तीप्रमाणे दुसऱ्यासाठी काहीतरी पाठीवर असावे. चढ अवघड झाला आणि काही टाकायची वेळ आली, तर सर्वांत शेवटी टाकायची वस्तू ती.

ही कसोटी डोंगरापुरती आहे असे मला वाटत नाही. रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका ऐन उन्हाळ्यातही भरलेली दिसते. कोलाडला त्या पाण्यावर लोक नावा घालून हसत-ओरडत जातात. ते पाणी मुळशीच्या धरणातून भिऱ्याच्या वीजगृहात उतरून आमच्या नदीत येते. ते धरण होऊ नये म्हणून सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह करून तुरुंगात गेले, आणि तरीही त्यांची गावे बुडाली. आमची नदी उन्हाळ्यात सुखाने वाहते, त्या सुखाचे ओझे ज्यांनी उचलले त्यांना कोणी विचारले नव्हते. आपण आयुष्यात ज्या ज्या गोष्टीला सोय म्हणतो, तिच्या तळाशी असे कोणाचे तरी खांदे असण्याचा संभव असतो. ते नाहीसे करणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते. त्यांच्याकडे पाहणे मात्र नेहमीच हाती असते.

डोंगराचा उपकार असा की तो हा हिशेब एका दिवसात, एका पिशवीत दाखवून देतो. संसारात आपले ओझे कोणाच्या पाठीवर गेले ते कळायला पिढ्या लागतात. गडावर ते संध्याकाळपर्यंत कळते. म्हणून तरुणांनी डोंगर चढावेत, हलके होऊन चढावेत, असेच मी म्हणेन. अंगावर कमीत कमी वस्तू आणि डोक्यात जास्तीत जास्त माहिती घेऊन चढावे. ज्या गावातून वाट जाते त्या गावाला रामराम करून, कोठे चाललो आणि कधी उतरणार हे सांगून चढावे. आणि उतरताना त्याच गावात थांबून ‘आलो बरे’ असे सांगायला विसरू नये. आपण सांगेपर्यंत त्या गावात कोणीतरी आपले ओझे मनावर घेऊन बसलेले असते. ते उतरवून ठेवणे हे गड उतरण्याइतकेच चढणाऱ्याचे काम आहे.